रुखवतात न मांडलेलं जाजम

बोहारीण टी-शर्टाला हात लावत नाही. साडी द्या, पँट द्या, नवऱ्याचा लग्नातला कोट द्या, ती उलटसुलट करून बघेल, नाक मुरडेल आणि शेवटी एखादं पातेलं पुढे करेल. टी-शर्ट दिसला की म्हणते, "हे ठेवा बाई फरशी पुसायला." देवळाली कॅम्पातला माझा धंदा बोहारणीनं नाकारलेल्या या मालावर उभा आहे. मी हे कुणापासून लपवत नाही. लपवलं ते माझ्या ताईनं. म्हणून हे लिहायला बसले, आणि राग अजून गेलेला नाही हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघी बहिणी चांदवडकडच्या. आई आठवडे बाजारात भाजी विकायची आणि बाजार नसेल त्या दिवशी दुपारी क्रोशाची सुई घेऊन ओट्यावर बसायची. ताईनं आईची बोटं घेतली, मी तोंड घेतलं. ताईला नोकरदार नवरा मिळाला, नाशिकरोडला दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी असलेलं घर मिळालं. माझा नवरा कामाला होता तो सातपूरचा कारखाना बंद पडला. तो कॅम्पात रिक्षा चालवू लागला, आणि मी बाजारात दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर गाऊन टांगून विकू लागले. माझ्या त्या दोरीचं पुढे दुकान झालं. कुणाच्या ओळखीनं नाही, कुणाच्या उपकारानं नाही.

कॅम्पात फौजी लोकांची बदली आली की क्वार्टर रिकामं करायची घाई उडते. ट्रंका भरतात, कुंड्या वाटून टाकतात, आणि जुन्या कपड्यांचं काय करायचं हे त्या बायकांना कळत नाही. मला कळत होतं. मी दारात जाऊन उभी राहायची. एकदा एक पंजाबी बाई टी-शर्टांनी भरलेली चादर पुढ्यात ठेवून म्हणाली, "दीदी, ले जाओ, पर बदले में कुछ तो दो."

"बदले में क्या दूँ? पुराना माल है."

"पुराना है तो आप लेने क्यूँ आयी?"

मला असं गिऱ्हाईक आवडतं. आम्ही दोघींनी घासाघीस केली, ती हसली, मी चिडले, मी उठून निघाले, तिनं परत बोलावलं. शेवटी एका गाऊनवर सौदा पटला. घरी येऊन चादर उघडली तर आत माल उत्तम. जाड सुती, गोल गळ्याचे, बाजूला शिवण नसलेले. धुऊन धुऊन मऊ झालेले, पण विटके नाहीत.

मला वाटलं, याच्या गोधड्या करू. आपल्याकडे जुनं कापड म्हटलं की गोधडीच सुचते. मी आठवडाभर बसून एक शिवली. टी-शर्टाचं कापड ताणतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती गोधडी दोरीवर वाळत घातली आणि संध्याकाळपर्यंत जमिनीला टेकली. नवरा म्हणाला, "उद्या रस्ता ओलांडून पलीकडे जाईल." मी ती गोळा करून पिशवीत कोंबली आणि बस पकडून ताईकडे गेले.

ताईनं गोधडी बघितली आणि बाजूला ठेवली. पिशवीतला एक सुटा टी-शर्ट घेतला, जमिनीवर पसरला, खालची शिवलेली कड कापून टाकली. मग काखेच्या खालपासून तो गोल गोल कापत गेली, सफरचंदाची साल न तोडता काढावी तशी. सगळा टी-शर्ट संपला आणि हातात एकच लांब पट्टी राहिली. ती पट्टी तिनं दोन हातांत धरून ओढली. ओढल्याबरोबर कापडाच्या कडा आत वळल्या आणि पट्टीची दोरी झाली. गुबगुबीत, एकसारखी, लोकरीसारखी.

"हे बघ," ताई म्हणाली, "ताणतंय म्हणून रडत होतीस ना? ताणतंय म्हणूनच होतंय."

बाजारातली कुठलीच सुई एवढ्या जाड दोरीला पुरेना. मग मी सुताराकडून अंगठ्याएवढी जाड लाकडी सुई घासून आणली आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या.

त्या दुपारींची मला आजही आठवण येते, आणि आली की आधी चीड येते. जेवणं उरकली की मी गाठोडं घेऊन नाशिकरोडला उतरायची. गॅलरीत चटई. एका टोकाला मी, कात्री घेऊन. दुसऱ्या टोकाला ताई, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. मी कापायची, ओढायची, गुंडे करायची. ती क्रोशाचे टाके घालायची, आधी साखळी, मग खांब. स्टेशनावरून गाडीची शिट्टी यायची, खालच्या दुकानातून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यायचा. आम्ही माहेरची उणीदुणी काढायचो. ताई एरवी फार बोलणारी नाही, पण हातात सुई असली की बोलायची. आपल्या सासूची नक्कल अशी करायची की मी कात्री खाली ठेवायची, नाहीतर बोट कापलं जायचं.

रंगांवरून मात्र रोज भांडण. फौजी हिरवा मला आवडायचा, कारण तो मळत नाही आणि विकला जातो. ताईला तो उदास वाटायचा. गणपती मंडळांचे भगवे टी-शर्ट यायचे, शर्यतीत पळणाऱ्यांचे पिवळेजर्द यायचे, निवडणूक झाली की सगळ्या पक्षांचे यायचे. छातीवर छापलेला भाग कडक असतो, तो वळत नाही, म्हणून तो कापून टाकावा लागतो. ताई म्हणायची, "बघ, छापलेलं गेलं की सगळे पक्ष मऊ." एकदा तिनं तीन पक्षांचं मिळून एक पायपुसणं केलं. ते सगळ्यात आधी विकलं गेलं.

पायपुसणी, बसकरं, टोपल्या. ती करायची, मी विकायची. मी म्हणजे कुणाला एका बोलात सोडणारी नाही. फौजी बायका म्हणायच्या, "कपडा तो हमारा ही था!" मी म्हणायची, "तेव्हा तो कपडा होता."

शाळा सुटली की भाची यायची. दप्तर टाकून थेट गुंड्यांच्या टोपलीत पाय घालून बसायची. तिचे टी-शर्ट आखूड झाले की ताई ते फरशी पुसायला घेणार, त्याच्या आधी मी उचलायची. त्याचंच जाजम करायला घेतलं. मधोमध तिचा बदकाचा पिवळा टी-शर्ट, ती चालायला लागली तेव्हाचा. त्याच्याभोवती बालवाडीचा निळा. मग शाळेतल्या खेळाचा लाल, सहलीचा जांभळा. पोर वाढेल तसं जाजम वाढत गेलं. मध्ये जिथं रंग पुरला नाही तिथं मी फौजी हिरवा घातला. ताईनं कुरकुर केली, पण उसवला नाही.

"हे हिच्या रुखवतात मांडायचं," मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

"मांडू की," ताई म्हणायची. हे शब्द तिचे आहेत. मी विसरलेले नाही.

पुढे तिच्या नवऱ्याला बढती मिळाली. भाची कॉलेजात गेली, नोकरीला लागली. जाजमाची शेवटची ओळ कॉलेजच्या काळ्या टी-शर्टाची. मग पुण्याचं स्थळ आलं. मंडळी चांगली होती, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण ते बघायला यायच्या दिवशी ताईनं गॅलरीतली टोपली, गुंडे, चटई सगळं माळ्यावर टाकलं आणि मला म्हणाली, "त्यांच्यासमोर आपलं ते गाठोड्यांचं काही काढू नकोस हं."

"का? चोरीची आहेत?"

"तसं नाही गं. उगाच कशाला."

हे 'उगाच कशाला' मी गिळलं. लग्नाचं घर आहे, म्हटलं.

मग ताईला तयार रुखवत घ्यायचं होतं. आजकाल ते दुकानात मिळतं. थर्माकोलचा बंगला, काचेच्या बरणीतला संसार, नवरा-नवरीच्या बाहुल्या, सगळं आयतं. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात ताई मला घेऊन गेली, कारण तिला भाव करता येत नाही. भाव करायची वेळ आली की तिचा चेहरा पडतो, जणू आपणच दुकानदाराचं काही चोरतोय. मी पदर खोचला. दुकानदारही मुरलेला होता.

"मावशी, एक रुपया खाली येणार नाही."

"मग वर काय देता?"

"वर काय द्यायचं? हे काय कोथिंबीर आहे का?"

"कोथिंबीरवाला परवडला. तो न मागता देतो."

तासभर मी त्याला सोडला नाही. शेवटी त्यानं भाव तसाच ठेवला, पण वर तुळशीवृंदावन दिलं, झोपाळा दिला, आणि बाहुल्यांची अख्खी वरात दिली. ताई बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही." मी फुगले. त्या दिवशी नाशिकरोडपर्यंत मी त्या वरातीचं खोकं मांडीवर घेऊन बसले होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी जाजम घेऊन कार्यालयात पोचले. रुखवताचं टेबल मांडून झालं होतं. बंगला, बरणी, वृंदावन, झोपाळा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी वरात. नखाएवढी जागा नव्हती.

"आता जागाच कुठंय गं?" ताई म्हणाली.

"वरात काढ. वर मिळालेली आहे ती."

"इतकी सुंदर आहे, सगळे बघतायत."

"मग टेबलाखाली पसर. पुढे पसर. जाजम आहे, ते जमिनीवरच पसरतात."

ताईनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का? वापरलेले कपडे आहेत गं. विहीणबाईंनी विचारलं तर काय सांगू? मागच्या खोलीत ठेव. नंतर देऊ पोरीला."

ज्या टेबलासाठी मी तासभर घसा फोडला, त्याच टेबलावर माझ्या वस्तूला जागा नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसलं. मी जाजम गुंडाळलं. अक्षता टाकल्या, कारण पोरीशी माझं भांडण नव्हतं. पंगतीला थांबले नाही. जाजम काखोटीला मारून शालू नेसलेली मी भर उन्हात बसथांब्यावर उभी होते, आणि कुणी विचारलं असतं तर त्याची खैर नव्हती.

त्यानंतर दुपारी संपल्या. ताईनं फोन केला नाही, मी केला नाही. कुणाच्या कार्यात भेट झाली तर "बरी आहेस?" "बरी." एवढंच. दुकान चाललं, किंबहुना जास्त चाललं. मी कामाला बायका ठेवल्या, मोबाइलवरून मागण्या येऊ लागल्या, कुंड्या टांगायच्या जाळ्या पार बंगळुरूला जाऊ लागल्या. जाजम मी दुकानात मागच्या भिंतीवर टांगलं. येणारी प्रत्येक बाई आधी त्याचा भाव विचारायची. मी म्हणायची, विकायचं नाही. दुपारी जेवून मी दुकानात एकटी कापायला बसायची तेव्हा कधीकधी एखादी चांगली शिवी सुचायची, आणि ती ऐकवायला समोर कुणी नसायचं.

मग भाचीचं बाळंतपण आलं. पहिलं, म्हणून माहेरी. मुलगी झाल्याचं मला भाचीनंच फोन करून सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या वेळी, ताई बसमधून उतरून माझ्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. केस पांढरे झालेले. आत आली नाही.

"पोरगी म्हणतेय, बारशाला बाळाला खाली ठेवायला तिला ते जाजम हवं."

"कुठलं जाजम?"

"नाटकं करू नकोस. ते मागे टांगलंय ते."

"ते विकायला आहे," मी म्हटलं. तोवर कधीच नव्हतं.

"किती?"

मी नव्या फ्रिजला पडेल एवढी किंमत सांगितली. ताईनं पर्स उघडली.

माझं डोकंच फिरलं. घासाघीस न करता पर्स उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला वस्तू नको असते आणि तुम्हीही नको असता, त्याला फक्त दुकानातून बाहेर पडायचं असतं.

"मिट ती पर्स!" मी ओरडले. कामाच्या बायका सुया थांबवून बघायला लागल्या. "पैसे नकोत मला."

"मग काय हवंय?"

"बारशाला विहीणबाईंसमोर बोलायचं. सगळ्या बायकांसमोर. हे जुन्या टी-शर्टांचं आहे, आम्ही दोघी बहिणींनी केलंय, आणि अशा वस्तू करून आम्ही कॅम्पात विकायचो. एवढं म्हण आणि फुकट ने."

ताई पायरीवर बसली. पर्स मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "टी-शर्टांचं म्हणते. 'जुने' म्हणणार नाही."

"नवे टी-शर्ट कोण कापतं?"

"मग जुने ते त्यांना आपोआप कळेलच की. मी कशाला म्हणू?"

मी चमकले. आयुष्यात पहिल्यांदा ताई भाव करत होती, आणि बरा करत होती.

"जुने म्हणायचं."

"लहानपणचे म्हणते. पोरीच्या लहानपणचे टी-शर्ट. लहानपणचे म्हणजे जुनेच झाले."

"आणि विकायचो ते?"

"ते नाही म्हणणार."

"मग नाही मिळणार."

"नको देऊ." ती उठली, पदर सावरला आणि पायरी उतरली. ही युक्ती माझी आहे. गिऱ्हाईक किती पावलांवर खरंच जायला लागतं ते मला कळतं. ताई खरंच चालली होती.

"थांब," मी म्हटलं. "विकायचं सोडलं. 'लहानपणचे' आणि 'दोघींनी'. पण मोठ्यानं. पुटपुटलीस तर तिथल्या तिथं जाजम गुंडाळून घेऊन जाईन."

"ते तुला येतंच," ताई म्हणाली.

बारशाला घर भरलं होतं. पाळणा झाला, कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. मग भाचीनं हॉलच्या मधोमध जाजम पसरलं आणि बाळाला बदकाच्या पिवळ्यावर ठेवलं. बायका वाकून बघायला लागल्या. पुण्याच्या विहीणबाईंनी कडेवरून हात फिरवला. "फारच छान आहे हो. कुठून घेतलंत?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

"घेतलं नाही," ताई म्हणाली. आवाज मोठा होता, थोडा चिरकला. "आम्ही दोघी बहिणींनी केलंय. पोरीच्या लहानपणच्या टी-शर्टांचं आहे."

"म्हणजे," विहीणबाईंचा हात थांबला, "वापरलेल्या कपड्यांचं?"

मी पुढे सरकले. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते निघालं असतं तर भाचीला सासरी जड गेलं असतं. पण ताई आधी बोलली.

"हो, जुनेच कपडे आहेत. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावतात ना, विहीणबाई? नवं टोचतं. तुमच्या मुलाला तुम्ही काय घातलं होतं?"

विहीणबाई गुडघ्यावर हात टेकून हळूच जाजमावर बसल्या. "सासूबाईंच्या लुगड्याचं झबलं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच शिवलं होतं." आणि बाळाचा पाय हातात घेतला.

"मधेमधे हिरवं आहे ते फौजी आहे," ताई थांबेचना. "ही कॅम्पातून गाठोडी आणायची. मी करायची, ही विकायची. बाजारात, दोरीवर टांगून. बरीच वर्षं केलं आम्ही."

हे सौद्यात नव्हतं. मी ते सोडून दिलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि तिथं कुणी नव्हतं म्हणून आणखी थोडा वेळ थांबले.

निघताना ताई जिन्यापर्यंत आली.

"झालं समाधान?"

"बारशाचं झालं. रुखवताचं नाही."

"ते काही आता परत मांडता येत नाही."

"मग तो राग माझ्याकडे राहू दे. मला जड नाही."

ती हसली. मग म्हणाली, "दुपारी बाळ-बाळंतीण झोपतात. मी मोकळीच असते."

"मग?"

"मग काय. दुकानात बघितलं मी त्या दिवशी. तुझ्या बायका खांब सैल घालतात."

"माझ्या बायकांना नावं ठेवायची नाहीत!"

"सैल ते सैल. टोपली दोन महिन्यांत बसेल खाली."

त्यावरून आम्ही जिन्यात इतक्या जोरात भांडलो की समोरच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि काही विशेष नाही असं दिसल्यावर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी गाठोडं घेऊन नाशिकरोडला उतरले. त्यात नुकत्याच रिकाम्या झालेल्या क्वार्टरमधला माल होता. जाड सुती, बाजूला शिवण नाही, आणि बहुतेक सगळा फौजी हिरवा. तो उदास दिसतो असं ती म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्यावर काय बोलायचं ते मी बसमध्येच ठरवून ठेवलं होतं.